पहिलं अक्षर निघेपर्यंत

परवा संध्याकाळी आमच्या अण्णांना "पाणी" एवढं एक म्हणायला १९ सेकंद लागले. घड्याळ समोरच्या भिंतीवर आहे आणि मला आता मोजायची सवयच लागलीय. आधी ओठ मिटले, मग उघडले, परत मिटले, "म"सारखं काहीतरी बाहेर आलं, लगेच त्यांनी मान हलवली म्हणजे चुकलं हे त्यांचं त्यांना कळलं, मग ओठ गोल केले, ते पण नाही, श्वास घेतला आणि न बोलताच सोडून दिला, डावा हात मांडीवर दाबला, आणि मग एकदम, "पाणी". स्वच्छ, खणखणीत. आणि त्याच्या मागोमाग "दे की जरा" हे तर असं सहज आलं की बाहेरच्या कुणी फक्त तेवढंच ऐकलं असतं तर म्हणाला असता, या माणसाला झालंय काय?

हेच सांगायचंय आज. बोलणं गेलं म्हटलं की लोकांना वाटतं सगळंच गेलं. किंवा वाटतं की जीभ जड झाली. अण्णांच्या बाबतीत यातलं काहीच नाहीये. अण्णांची सुरुवात गेलीय. पहिलं अक्षर. ते एकदा सुटलं की बाकीचं त्याच्या मागं येतं, कधी अडखळत, कधी चुकत, पण येतं.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं. त्यातली बरीचशी कराड-चिपळूण लाईनवर, कुंभार्ली घाटातून. पावसाळ्यात घाटात धुकं इतकं असायचं की ड्रायव्हरला पुढचं दिसायचं नाही, मग अण्णा दारात उभं राहून ओरडून सांगायचे, अशा गोष्टी ऐकत आम्ही भावंडं मोठी झालो. आवाज असा की स्टँडवरनं हाक मारली की कँटीनमधल्या माणसानं चहा टाकून पळत यावं. रिटायर झाल्यावर पण घरात हळू बोलता यायचं नाही त्यांना. आई म्हणायची, अहो घर आहे हे, गाडी नाही.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात सकाळी दाढी करताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आईनं आतनं विचारलं, चहा टाकू का? उत्तर नाही. परत विचारलं. नाही. आईला वाटलं आदल्या रात्रीचा राग असेल, कारण रात्री दोघांचं कशावरनं तरी वाजलं होतं. त्यात बराच वेळ गेला. नंतर ती बाहेर आली तेव्हा तोंडाची उजवी बाजू उतरलेली आणि हातातनं रेझर पडलेला. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण रक्ताच्या गुठळीमुळं येणारा झटका असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते पण जितकं लवकर तितकं बरं. तोंड वाकडं, हात उचलेना, बोलणं बिघडलं किंवा बंद, यातलं एक जरी दिसलं तरी राग-रुसवा समजून थांबू नका. आई अजून त्या चहाच्या वाक्यापाशी अडकलेली आहे.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथे दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर राउंडला आले, अण्णांना म्हणाले, "आजोबा, नाव काय तुमचं?" अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, ओठ हलवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी फार तर दोन सेकंद वाट बघितली असेल. मग नर्सकडे वळून म्हणाले, "पेशंटला समजत नाहीये." अण्णांसमोर. मी अण्णांचे डोळे बघितले तेव्हा. ३१ वर्षं रोज शेकडो अनोळखी माणसांशी बोललेला माणूस, सगळं ऐकतोय, सगळं कळतंय, आणि त्याच्याबद्दल त्याच्यासमोर असं. ते बाहेर पडले आणि नंतर कितीतरी वेळाने अण्णांच्या तोंडातनं "श... शं..." असं आलं. अण्णांचं नाव श नेच सुरू होतं.

गावाकडनं भेटायला आलेल्या मंडळींनी आपापले उपाय आणले. वेखंड मधात उगाळून जिभेला लावा, लहान पोरांना लावतात तसं. आईनं चार दिवस लावलं पण. मी काही बोलले नाही तेव्हा, ती काहीतरी करत होती हेच तिला पुरेसं होतं. पण आता सांगते, जिभेला लावून काही होणार नव्हतं, कारण जीभ ठणठणीत होती. हे आम्हाला कळलं ते एका आमरसाच्या वाटीनं.

झालं असं की स्पीच थेरपिस्ट मॅडम पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, अण्णा, जीभ बाहेर काढून दाखवा. अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं, गाल फुगवला, हनुवटी पुढं केली, जीभ काही बाहेर येईना. मला रडू यायला लागलं. मॅडम शांत. मग म्हणाल्या, त्यांना काहीतरी खायला द्या. मे महिना होता, आमरस होता घरात. अण्णांनी डाव्या हातानं दोन चमचे खाल्ले, वरच्या ओठाला रस लागला, आणि जीभ बाहेर आली, रस चाटला आणि आत गेली. अगदी आरामात. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, बघितलं? जीभ हलते. हुकूम केल्यावर हलत नाही.

या प्रकाराला अप्रॅक्सिया म्हणतात, बोलण्यातला असेल तर अप्रॅक्सिया ऑफ स्पीच. हे नाव १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डार्ली यांनी रुजवलं. मॅडमनी मला वहीत तीन खाने पाडून समजावलं होतं, मी माझ्या शब्दांत सांगते. बोलायचं म्हटलं की आधी काय म्हणायचंय ते ठरतं, मग त्याचे शब्द सापडतात. शब्द सापडत नसतील किंवा दुसऱ्याचे कळत नसतील तर तो अफेजिया. अण्णांना तो पण थोडा आहे, पण थोडाच. मग त्या शब्दासाठी ओठ कुठं, जीभ कुठं, टाळू कधी उचलायची, गळ्यातला आवाज कधी सुरू करायचा याचं प्लॅनिंग होतं. ते बिघडलं की अप्रॅक्सिया. आणि शेवटी स्नायू प्रत्यक्ष हलतात. तिथंच अशक्तपणा असेल तर डिसार्थ्रिया, त्यात माणूस बोलायला सुरुवात करतो पण सगळंच लोळतं, जाड येतं, नाकातनं येतं, आणि पहिल्यापासनं शेवटपर्यंत साधारण एकाच पद्धतीनं बिघडलेलं असतं. अप्रॅक्सियात तसं नाही. आत्ता "पाणी" आलं, पाच मिनिटांनी तेच "पाणी" येणार नाही, "मानी" येईल, "बाणी" येईल, परत पाणी येईल. घरच्यांना हेच सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकतं. काल आलं होतं की मग आज का नाही, मुद्दाम करतायत का, असं आमच्या मोठ्या काकांनी चक्क विचारलं होतं.

मुद्दाम! "प"साठी दोन्ही ओठ मिटायचे, आत हवा दाबायची, गळा गप्प ठेवायचा, आणि ओठ उघडायचे आणि उघडल्याबरोबर लगेच "आ"साठी गळा सुरू करायचा. गळा जरा आधी सुरू झाला तर "ब" होतो. नाकाकडची वाट उघडी राहिली तर "म" होतो. म्हणजे अण्णा जे मानी-बाणी म्हणतात ते भलतंच काही नाहीये, ते "पाणी"च्या शेजारच्याच घराचं दार आहे. हे कळल्यावर मला त्यांच्या चुका ऐकायला आवडायला लागल्या, खरंच सांगते. आणि जोडाक्षरानं सुरू होणारे शब्द का इतके छळतात ते पण कळलं. "प्रसाद" म्हणायला जमत नाही तिथं "परसाद" बरोबर येतं. आमच्या आज्जीची पिढी परसादच म्हणायची म्हणा.

आणि ते आवाज न करता ओठ हलवणं, इकडून तिकडून प्रयत्न करणं, याला पण शब्द आहे आणि तो आपल्याकडे आधीच आहे, चाचपडणं. अंधारात स्विच शोधताना भिंतीवर हात फिरवतो तसंच ओठांनी. ते बघायला त्रास होतो म्हणून समोरचा माणूस घाईनं शब्द पुरवतो, "पाणी? पाणी पाहिजे का?" आणि अण्णा मान हलवतात आणि गप्प. तो शब्द त्यांचा राहिला नाही मग.

एक गोष्ट वाचल्यापासनं मला आमच्या सगळ्यांच्या घाईबद्दल जरा वेगळं वाटायला लागलंय. २००९ मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पा मोजून बघितल्या होत्या, तर एकाचा प्रश्न संपल्यापासनं दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात. सेकंदाचा पाचवा भाग. आणि नुसतं चित्र बघून त्याचं नाव सांगायचं म्हटलं तरी धडधाकट माणसाला ६०० च्या आसपास लागतात. म्हणजे आपण समोरच्याचं ऐकून झाल्यावर विचार करून बोलत नाही, त्याचं चालू असतानाच आपल्या तोंडात आपलं वाक्य तयार करून बसलेलो असतो. जगातल्या सगळ्या गप्पांचा वेग असा आहे. आणि त्यात एक सेकंद जरी गेला ना, तरी समोरच्याला वाटतं काहीतरी बिनसलंय, हा नाही म्हणणार बहुतेक, किंवा ऐकलं नाही, किंवा कळलं नाही. त्या डॉक्टरांनी दोन सेकंद वाट बघितली म्हणजे त्यांच्या हिशेबानं ती भरपूर झाली होती. अण्णांना १९ लागतात. म्हणजे त्यांची पाळी येते आणि निघून जाते, दिवसभर.

अण्णांसारखा एक माणूस पॅरिसजवळ बिसेत्र नावाच्या हॉस्पिटलात २१ वर्षं राहिला होता. लेबोर्न त्याचं नाव, पण सगळे त्याला "तां" म्हणायचे कारण काहीही विचारलं तरी तो "तां, तां" एवढंच म्हणायचा. तिशीत बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, हातवारे करून सांगायचा, आकडे बोटांनी दाखवायचा. १८६१ च्या एप्रिलमध्ये तो गेला, ५१ वर्षांचा होता, आणि पॉल ब्रोका नावाच्या सर्जननी त्याचा मेंदू बघून सांगितलं की डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालाय. मेंदूच्या त्या भागाला ब्रोकाचंच नाव पडलं, आणि तो मेंदू पॅरिसमध्ये अजून जपून ठेवलाय. पण मला त्यातली एकच गोष्ट चटका लावून गेली. तां ला समोरच्याला आपलं कळत नाहीये म्हणून अनावर राग आला ना, की त्याच्या तोंडातनं एक अख्खी शिवी बाहेर पडायची. बरोबर, स्पष्ट, सगळ्या शब्दांसकट. त्याला साधं स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं आणि शिवी यायची!

आमच्याकडे पण असंच झालं आणि आई देवाला हात जोडायला लागली. झटक्यानंतर तिसऱ्या आठवड्यात घरात बरीच माणसं जमली होती, दारात गर्दी, कुणीतरी अण्णांच्या खाटेला पाय लावला, आणि अण्णा एकदम, "चला, पुढं सरका, पुढं सरका!" त्याच जुन्या आवाजात. सगळे गार. आईला वाटलं आले, बोलायला लागले. तिनं घाईनं विचारलं, अहो, मी कोण? आणि अण्णा परत ओठ चाचपडायला लागले.

तेव्हा वाटलेली निराशा मी विसरणार नाही. पण मॅडम म्हणाल्या, हे फार चांगलं झालं. इंग्लंडचे ह्युलिंग्ज जॅक्सन नावाचे डॉक्टर होते, त्यांनी एकोणिसाव्या शतकातच हे सांगून ठेवलंय की बोलणं दोन तऱ्हेचं असतं. एक आपण त्या क्षणी नवीन जुळवून बोलतो ते, आणि दुसरं घासून घासून गुळगुळीत झालेलं, नमस्कार, अरे देवा, शिव्या, मोजणी, आरत्या, पाढे. पहिलं बंद पडलं तरी दुसरं बरेचदा शाबूत राहतं. "पुढं सरका" अण्णांनी ३१ वर्षांत किती लाख वेळा म्हटलं असेल! ते त्यांना सुरू करावं लागत नाही, गर्दी दिसली की ते आपोआपच सुरू होतं.

मग आम्ही शोधायलाच लागलो की आणखी काय काय आपोआप येतंय. पाढे येत होते. तुम्ही "बे एके बे" म्हणा, अण्णा "बे दुणे चार"पासनं वीसपर्यंत जाणार. पण "दोन दुणे किती?" असं विचारलं की चार बाहेर येत नाही. वार येतात, सोमवारपासनं सुरू करून दिलं तर. आज काय वार आहे विचारलं तर नाही. गणपतीत आरतीला सगळ्यांच्या बरोबर ते अखंड म्हणाले, टाळ्या डाव्या हातानं मांडीवर, एक ओळ चुकली नाही, आणि आरती झाल्यावर प्रसादाला हात पुढं करताना परत गप्प. आणि सगळ्यात लांबची साखळी म्हणजे स्टॉपची. मी "कराड" म्हणायचं की अण्णा, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, पोफळी, शिरगाव, चिपळूण. मधे श्वास पण नाही. पण नुसतं "पाटण" म्हणा म्हटलं की नाही येत. पाटणला जायचं तर कराडहूनच गाडी पकडावी लागते.

आणि मॅडमनी नेमकं हेच पकडलं. म्हणाल्या, कराडहून सुटू दे गाडी, पण पाटणला थांबवा. म्हणजे कराड, मल्हारपेठ, पाटण, बास. आठवडाभर नुसतं हेच. गाडी पाटणला थांबतच नव्हती, सरळ चिपळूणला जायची, अण्णा स्वतःच वैतागायचे. मग एक दिवस थांबली. मग मल्हारपेठ ओठातल्या ओठात, आवाज न करता, आणि मोठ्यानं फक्त पाटण. मग तीन आठवड्यांनी विचारलं, अण्णा, आत्याचं गाव कुठलं? आणि त्यांनी डोळे मिटले, ओठांनी काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "पाटण."

हे लिहिताना मला शाळेतला एक मुलगा सारखा आठवतोय. माझ्या वर्गात होता, अडखळायचा, पोरं त्याला तोतऱ्या म्हणायची. हजेरी सुरू झाली की त्याचा नंबर यायच्या आधीपासनं त्याचे कान लाल व्हायचे. "हजर सर" मधला "ह" त्याला निघायचा नाही. सर एकदा हाक मारायचे, दुसऱ्यांदा मारायचे, तो उभा, मान मागं गेलेली, डोळे मिटलेले, आवाज बंद. एका सरांना तो मस्ती वाटला आणि त्यांनी गैरहजेरी मांडली, तो समोर उभा असताना. आणि हाच मुलगा रोज परिपाठाला प्रतिज्ञा मात्र सगळ्यांच्या आवाजात घडाघडा म्हणायचा. आम्हाला वाटायचं म्हणजे याला येतंय की, नाटक करतो. आता कळतंय की अडखळणाऱ्या बहुतेक माणसांचं असंच असतं, एकत्र म्हणताना किंवा गाताना अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं, आणि ते अडकतात ते बहुतेक वेळा शब्दाच्या सुरुवातीला, त्यात पण वाक्याच्या पहिल्या शब्दाला जास्त. स्वतःचं नाव आणि फोनवरचा "हॅलो" हे तर खास वैरी, कारण त्यांच्या बदल्यात दुसरा शब्द वापरता येत नाही. त्याचा आजार आणि अण्णांचा आजार एक नाही, कारणं वेगळी, वय वेगळं, अडखळणं लहानपणी चारपाच टक्के मुलांमध्ये सुरू होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं आपणहून जातं, मोठ्यांत एक टक्क्याच्या आसपास उरतं. पण उंबरठा तोच. आणि बाहेर उभे असलेले आम्ही पण तेच.

थेरपीच्या ठिकाणी एक आज्जी यायच्या, पार्किन्सनच्या. दारातनं आत येताना त्यांचे पाय चिकटायचे, जमिनीला गोंद लावल्यासारखे. सूनबाई त्यांच्या पावलापुढं आपलं पाऊल आडवं ठेवायची, आणि ते ओलांडायचं म्हटलं की आज्जी बरोबर पाऊल टाकायच्या. बोलण्याचं पण तसंच, सुरुवातीला चिकटायच्या, आणि सुटल्या की आवाज इतका बारीक आणि इतका घाईत की काही कळू नये. त्यांना मॅडम एकच सांगायच्या, मोठ्यानं! लांब असलेल्या माणसाला हाक मारताय असं समजा. ही पार्किन्सनसाठीची पद्धत अमेरिकेत १९८७ च्या सुमाराला एका बाईंसाठी सुरू झाली आणि त्यांचंच नाव तिला आहे, ली सिल्व्हरमन. चार आठवडे, आठवड्यातनं चार दिवस, नुसता आवाज मोठा करायचा. आज्जी "आऽऽ" करायला लागल्या की अख्खा पॅसेज दणाणायचा आणि अण्णा कौतुकानं मान डोलवायचे.

म्हणजे सुरुवात करून द्यायला बाहेरनं काहीतरी लागतं. आडवं पाऊल, दुसऱ्याचा आवाज, ताल, चाल. बोस्टनला १९७३ मध्ये गाण्याच्या चालीवरनं बोलायला शिकवायची पद्धत काढली होती, डाव्या हातानं ठेका धरायचा आणि वाक्य गुणगुणल्यासारखं म्हणायचं. मॅडमनी अण्णांना ती पण दिली, पण अण्णांना गुणगुणायला लाज वाटायची, कीर्तनकार आहे का मी, असा चेहरा करायचे. "माझ्याकडे बघा, ऐका, माझ्याबरोबर म्हणा" हे चाललं पुष्कळ दिवस. मॅडम समोर बसून तोंड मोठं करून "प" करणार, अण्णा त्यांच्या ओठांकडे एकटक बघणार, आणि दोघांचा "पा" एकदम निघणार. मग मॅडम आवाज काढून घेणार, नुसते ओठ हलवणार. मग ते पण नाही.

आणि मग डबल बेल. ही मॅडमची नाही, आईची कल्पना. ज्यांनी जुन्या एसटीनं प्रवास केलाय त्यांना माहितीये, छताखालनं दोरी गेलेली असायची, कंडक्टरनं एकदा ओढली की गाडी थांबवायची आणि दोनदा ओढली की सोडायची. टण, टण. ड्रायव्हर तोपर्यंत गाडी हलवत नाही. आई एकदा ताटावर चमचा वाजवत म्हणाली, अहो, डबल बेल द्या की, त्याशिवाय कशी सुटेल! अण्णांनी तिच्याकडे बघितलं. डावा हात वर केला, हवेत दोनदा खाली ओढला, आणि म्हणाले, "भाकरी."

मॅडमना सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं. तेव्हापासनं अण्णा बोलायच्या आधी मांडीवर दोन बोटं दोनदा आपटतात. दरवेळी चालतं असं नाही. दमलेले असले, ताप असला, घरात चार माणसं एकदम बोलत असली की चालत नाही. फोनवर तर सगळ्यात वाईट, कारण समोरच्याला ना ओठ दिसत ना बोटं, त्याला फक्त शांतता ऐकू येते आणि तो हॅलो हॅलो करून ठेवून देतो. पण चालतं तेव्हा चालतं. वाईट दिवशी अजून १९ सेकंद लागतात, पण चांगल्या दिवशी आता चार-पाचवर आलंय.

घरात आम्ही पण काही गोष्टी शिकलो. टीव्ही बंद करून विचारायचं. "जेवायला काय करू" असं मोकळं न सोडता "भाकरी का भात" असं विचारायचं, म्हणजे शब्द नुकताच कानात पडलेला असतो. शब्द ओळखता आला तरी तोंडातनं काढून घ्यायचा नाही, त्यांनी डोळ्यांनी मागितला तरच पहिलं अक्षर द्यायचं, तेवढंच. वाट बघताना मोबाईल बघायचा नाही. हे शेवटचं माझ्यासाठी होतं, मीच करायचे. आणि माझ्या मुलानं, म्हणजे अण्णांच्या नातवानं, हे कुणी न शिकवता सगळ्यात आधी जमवलं, तो सहा वर्षांचा आहे आणि अण्णांच्या समोर मांडी घालून बसतो आणि त्यांच्या ओठांकडे असा बघत बसतो की बस यायची वाट बघावी. अण्णा त्याच्याशी सगळ्यात जास्त बोलतात.

पाटणच्या आत्याचा मात्र नाईलाज होता. आत्या अण्णांची धाकटी बहीण, जीव अडकलाय भावात, पण फोन केला की गप्प बसवत नाही तिला. "दादा, कसा आहेस, बरा आहेस ना, जेवलास का, जेवलाच असशील, गोळ्या घेतोस ना," आणि उत्तरं पण तीच देणार. मग मीच तिला एकदा वेगळा फोन करून सांगितलं, आत्या, अण्णांनी फोन घेतला की तू काही बोलू नकोस. मनात तीसपर्यंत आकडे मोज. शांतता आली तरी ठेवू नकोस, ती शांतता म्हणजेच ते बोलतायत. आत्या रडली थोडी. मग म्हणाली, मोजते.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला आणि अण्णांच्या समोर धरला. आत्या "दादा" म्हणाली आणि खरंच गप्प बसली. तिच्याकडचा कोंबडा ऐकू येत होता आणि लांब कुठंतरी मोटारसायकल. अण्णांनी बोटं आपटली, टण टण, ओठ मिटले. नाही. परत टण टण. घड्याळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, बघितलंच, अकरा. आत्यानं एक शब्द काढला नाही.

"पा... पाऊस?"

दोन वर्षांत अण्णांनी कुणाला विचारलेला हा पहिला प्रश्न. एवढे दिवस ते फक्त आमच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. मी आईकडे बघितलं, आईनं पदर तोंडाला लावलेला.

आणि आत्या सुटली, पाऊस काय विचारतोस दादा, आठ दिवस झाले डोळा उघडला नाही बघ, ओढ्याला पाणी आलंय, भाताचा तरवा पिवळा पडायला लागलाय, म्हशीच्या गोठ्यात गळतंय, आणि घाटात परवा दरड आली, गाड्या बंद होत्या सगळ्या दुपारपर्यंत. अण्णा फोनकडे झुकून ऐकत होते, आणि घाटाचं नाव निघाल्यावर त्यांची बोटं परत मांडीवर आली.

मी फोन आणखी जवळ धरला.